घरच्यांची पंगत

आमच्या बड्या सरांना पाहुण्यांचं वेड आहे. बडे सर म्हणजे शाळेचे प्राचार्य. मीटर बघायला वीज मंडळाचा माणूस आला तरी चहा-कचोरी झाल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर पडता येत नाही. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इंदूरला आले. आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारतात, दुसऱ्यांदा विचारतात आणि तिसऱ्यांदाही तो नको म्हणाला की भांडं उचलतात. इंदुरात 'नको' हा शब्द कोणाच्या कानात शिरतच नाही. निम्मं आयुष्य इथे गेलं, माझ्या मराठीत हिंदी कधी घुसली तेही कळलं नाही, पण या आग्रहाची काही मला सवय झाली नाही. पूर्वी मी त्यावर थट्टा करायचे. त्या स्पर्धेनंतर मात्र मला त्याचा राग येतो. खरा राग, लटका नाही.

स्पर्धा म्हणजे मॉक ट्रायल. आसपासच्या शाळांची ही स्पर्धा दरवर्षी कुठल्या तरी एका शाळेत भरते. या वेळी तुमच्याकडे भरवाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी सरांच्या समोरच बसले होते. त्यांनी पलीकडच्या माणसाला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. "अरे, ये भी कोई पूछने की बात है! आप तो बस आ जाओ." फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मैडम, ये मॉक ट्रायल मतलब होता क्या है?"

आमचा संघ त्या स्पर्धेत आधीपासून उतरत होता. पण करंडक कधी घरी आला नव्हता, त्यामुळे त्यांच्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. खोटा खटला असतो. मुलंच वकील होतात, मुलंच साक्षीदार होतात. न्यायाधीश म्हणून मात्र खरे वकील बोलावतात. खटल्याची हकिगत आणि साक्षीदारांच्या जबान्या सगळ्या शाळांना आधी देतात. साक्षीदाराने त्या जबानीबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही, आणि वकिलाने त्या जबानीतूनच काय ते काढायचं. सर ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "कितने लोग होंगे खाने पे?" त्यांनी विचारलं.

खटला लिहायचं काम यजमान शाळेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. मी वरातीची केस लिहिली, कारण ती प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. वरातीत फटाका फुटतो, घोडी उधळते, रस्त्याच्या कडेची एक बाई जखमी होते. आरोपी घोडीवाला. घोडी बुजू नये म्हणून तिच्या डोळ्यांवर झापडं लावतात. ती त्या वेळी लावलेली नव्हती. घोडीवाला म्हणतो, मी लावली होती. समोरचे म्हणतात, त्याने लावलीच नव्हती. साक्षीदारांत नवरदेवाचा काका होता. त्याच्या जबानीत मी उगाच जरा गंमत म्हणून लिहिलं होतं, की फटाका फुटण्याआधी फोटो काढले, पहिला चांगला आला नाही, त्यात घोडीचा चेहराच नीट दिसला नाही. दुसरा मात्र झकास आला, घोडीचे डोळेसुद्धा चमकले. मधल्या वेळात घोडीवाला चहा प्यायला गेला होता आणि लगाम काकाच्या हातात होता. इंदूरच्या लग्नात असा एक काका असतोच, म्हणून लिहिलं. त्यात काही दडलंय हे मला, लिहिणारीला, माहीत नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते. तीच या सगळ्याच्या मधोमध आहे.

ती बारावीत होती. इंदूरच्याच जुन्या मराठी घरातली. पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते, आता वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान. बारीक अंगकाठी आणि आवाज मात्र असा की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा खडबडून जागा व्हावा. वर्गात मी काहीही सांगितलं की तिचा हात वर. "मॅडम, पण असं का?" कधीकधी मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. पण ती कटकट करायला विचारत नसे, तिला खरंच जाणून घ्यायचं असे. संघात ती पहिल्यापासून होती. तिला वकील व्हायचं होतं. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, त्याची प्रवेश परीक्षा द्यायची होती.

तिच्या घरात मात्र कोर्टाचं नाव काढायची सोय नव्हती. सांवेरकडच्या थोड्या जमिनीवरून वडिलांचा चुलत भावाशी खटला चालला होता, तो ती जन्मायच्या आधीपासून. वकील म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण लेक मागेच लागली तेव्हा शेवटी एकदा ते म्हणाले, "त्या स्पर्धेत जिंकून दाखव. मग बसू देईन परीक्षेला."

हे तिने मला धावत येऊन सांगितलं होतं. "मॅडम, पप्पा मानले! मतलब, पूर्ण नाही मानले, पण शर्त लावली. आणि शर्त तर मी जिंकीनच ना!" मलाही वाटलं होतं की जिंकेल. तिचं हे शेवटचं वर्ष होतं, आणि इतकी तयार ती कधीच नव्हती.

आणि मग बड्या सरांनी ठरवलं की आपला संघ उतरवायचा नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते आचाऱ्याशी बोलत होते. बफे नको, पंगत बसवायची, दाल-बाफले करायचे, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे आणि डाळ, असं चाललं होतं. बफेमध्ये अपनापन नाही, असं त्यांचं मत. आचारी गेल्यावर मी म्हटलं, "सर, आपली टीम का नाही?"

"मैडम, घर बुलाके मेहमान को हराओगे क्या? अच्छा लगता है?"

"सर, स्पर्धा आहे ती."

"स्पर्धा बाद में, घर पहले. आप लोगों में पंगत बैठती है तो पहले कौन बैठता है? मेहमान ना? घरवाले आखिरी में. और मान लो अपन जीत गए. बाहर लोग क्या कहेंगे? केस भी अपनी मैडम ने लिखा, जज भी अपने बुलाए हुए."

त्यांचं हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. केस खरोखरच मी लिहिली होती. मी मुलीचं सांगितलं, तिच्या वडिलांची अट सांगितली, हे तिचं शेवटचं वर्ष आहे तेही सांगितलं. सरांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, तो माणूस वाईट नाही, तिथेच तर सगळी पंचाईत आहे. वाईट असता तर मी भांडले असते. "बच्ची होशियार है," ते म्हणाले, "उसको माइक दे दो. पूरा प्रोग्राम वही चलाएगी. बस, खुश?"

मी ते तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसलीच. तिला वाटलं मी मजा करतेय. मग म्हणाली, "तर मी काय करू, मॅडम? स्वागत करू सगळ्यांचं?" मी काहीतरी समजूत घालत राहिले, माइकवर बोलणं हेसुद्धा कसं महत्त्वाचं वगैरे. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. तिने वाद घातला नाही, आणि तिने वाद न घालणं माझ्या जिवाला लागलं.

नियमात एक बारीकशी फट होती. एखादा संघ आयत्या वेळी आला नाही तर समोरचे ताटकळत बसू नयेत, म्हणून यजमान शाळेने एक राखीव संघ तयार ठेवायचा असतो. हा संघ फक्त जागा भरतो. त्याची हारजीत कुठेच धरत नाहीत. मी आमची सगळी मुलं राखीव म्हणून लिहून टाकली. माझ्या हातात तेवढंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून अंगणात पोह्यांची कढई चढली होती. न्यायाधीश म्हणून आलेले वकील खुर्च्यांवर बसून पोहे खात होते, त्यावर शेव पडत होती, जिलबी येत होती. पहिली फेरी सुरू व्हायची वेळ टळून गेली तरी कोणी उठायला तयार नव्हतं, कारण सर प्रत्येकाच्या बशीत अजून एक जिलबी टाकत होते. मी हात जोडून, हसून, शेवटी दात-ओठ खात त्यांना वर्गांकडे वळवलं.

ती माइकवर होती. छान बोलत होती. कुठली शाळा कुठल्या खोलीत ते सांगत होती, पाण्याची सोय कुठे ते सांगत होती.

पहिली फेरी संपता संपता धारच्या बाजूच्या एका शाळेचा फोन आला. त्यांची पहिली पाळी दुसऱ्या फेरीत होती. त्यांची बस बेटम्याच्या अलीकडे बंद पडली होती आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार टळणार होती. म्हणजे दुसऱ्या फेरीत एक संघ समोर कोणी नसताना बसणार. तो शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेचा होता आणि यंदाचा करंडक त्यांचाच असं सगळे म्हणत होते. मी सरांकडे धावले.

"तो बिठा दो अपने बच्चों को," सर म्हणाले. "गिनती में मत लेना. और सामने वालों को उस राउंड के जीत के मार्क दे देना, जैसे सामने कोई था ही नहीं. मेहमान का नुकसान नहीं होना चाहिए."

मी तिला माइकजवळून बाजूला घेतलं आणि सगळं स्पष्ट सांगितलं. धरणार नाहीत, कुठे लिहिणार नाहीत, जिंकलीस तरी जीत त्यांचीच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जज तर खरे आहेत ना, मॅडम?"

"खरे आहेत."

"बस. मग तुमचा फोन द्या एक मिनिट. पप्पांना बोलावते. पहिला नंबर नाही मिळाला तर नाही मिळाला, त्यांनी स्वतः ऐकलं तर कळेल ना त्यांना."

फोनवर ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मी उतरून राहिली. लायब्ररीत आहे. जल्दी या." मग तिने दप्तर उघडलं. तळाशी काळा कोट होता, घडी घातलेला, इस्त्रीचा. आणायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या फेरीत तिचा खटला आमच्या ग्रंथालयात होता. न्यायाधीश म्हणून जिल्हा न्यायालयातल्या एक वकीलबाई होत्या, करड्या आवाजाच्या. वेळ सांभाळायला मी होते. फेरी सुरू झाली की दार बंद करतात, मग आत कोणी यायचं नाही, बाहेर कोणी जायचं नाही. वेळ सांभाळणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. त्याच्या हातात पुठ्ठ्याच्या पाट्या असतात, किती वेळ उरला ते सांगणाऱ्या. तेवढंच त्याचं बोलणं. वडिलांसाठी दार जरा वेळ उघडं ठेवा अशी विनंती मी वकीलबाईंना केली. त्यांनी थोडा वेळ ठेवलंही. मग म्हणाल्या, "अब शुरू करना पड़ेगा." बरोबरच होतं त्यांचं.

मी जिथे बसले होते तिथली खिडकी अंगणावर उघडते. अंगणात मांडवाखाली पहिली पंगत बसत होती, ज्या शाळांना या फेरीत काम नव्हतं त्यांची.

आणि तिचे वडील आले. मी त्यांना ओळखत होते. दुकानातूनच थेट आलेले, हातात हेल्मेट, घाईघाईने चालत. ते आत येऊन ग्रंथालयाकडे वळले, आणि तेवढ्यात सरांनी त्यांना पाहिलं.

मला काही ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजही नव्हती. वडील हाताने आमच्या दाराकडे दाखवत होते. सर त्यांच्या पाठीवर हात ठेवून पानाकडे दाखवत होते. वडील मान हलवत होते. सरांनी त्यांच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि लांब एका खुर्चीवर नेऊन ठेवलं. वडील पुन्हा दाराकडे बोट करून काहीतरी म्हणाले. सरांनी हात झटकला. होईल हो, मुलीचं काय पळून जातंय, पहिल्यांदा आलात, असंच काही म्हणत असणार. आणि त्यांना खांद्याला धरून पंगतीत बसवलं.

दाल-बाफल्याच्या पंगतीत बसलेला माणूस लवकर उठत नाही. बाफला कुस्करायचा, त्यावर तूप, त्यावर डाळ, मग पुन्हा तूप. आणि शेजारचे जेवत असताना मधेच उठायचं नसतं. मुलीच्या शाळेत, खुद्द प्राचार्य वाढत असताना तर नाहीच नाही. ते भिडस्त गृहस्थ मान खाली घालून बाफला कुस्करत बसले. मधूनमधून आमच्या दाराकडे बघत होते.

इकडे घोडीवाल्याची वकील म्हणून तिने उलटतपासणी सुरू केली. साक्षीदार नवरदेवाचा काका. त्या नावाजलेल्या शाळेचा एक तरतरीत मुलगा काका झाला होता. त्याची जबानी त्याला तोंडपाठ होती.

तिने एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग वळली.

"आपने कहा, दूसरे फोटो में घोड़ी की आंखें चमक रही थीं?"

"जी हां."

"आंखों पर पट्टी होती तो चमकतीं?"

"नहीं."

"पहले फोटो में उसका चेहरा ठीक से क्यों नहीं दिखा?"

त्याने आठवून पाहिलं. जबानीत कारण नव्हतं. "ये बयान में नहीं है."

"ठीक है. पहले और दूसरे फोटो के बीच घोड़ीवाला कहां था?"

"चाय पीने गया था."

"लगाम किसके हाथ में थी?"

मुलाने आपल्या वकिलाकडे पाहिलं. त्याच्या वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. सगळं जबानीतलंच होतं.

"मेरे हाथ में," तो म्हणाला.

"मतलब पट्टी उतरी तब घोड़ी आपके पास थी. बस, माय लॉर्ड. और कुछ नहीं पूछना."

मी लिहिलेली केस, मी शंभरदा वाचलेली, आणि फोटोसाठी झापडं काकानेच काढली असणार, हे मला दिसलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सर तिच्या वडिलांच्या पानात लाडू वाढत होते. वडील दोन्ही हात पानावर आडवे धरून नको नको म्हणत होते, आणि सरांनी हात बाजूला सारून लाडू ठेवलाच.

मला ओरडावंसं वाटलं. उठून खिडकीची जाळी वाजवावी, त्या माणसाला हाक मारावी, अहो इकडे या, हे ऐका! पण मी काही हालचाल केली असती तर ती खूण धरली गेली असती आणि तिची फेरी बाद झाली असती. मी पाटी वर केली. 'एक मिनिट' लिहिलेली. ती कोणाला दाखवत होते देव जाणे.

निकाल सांगताना वकीलबाईंनी चष्मा काढला. "ये पॉइंट सुबह से किसी ने नहीं पकड़ा," त्या म्हणाल्या. "मेरे हिसाब से ये टीम जीती, और अच्छे से जीती. बेटा, लॉ करोगी ना?"

ती दाराकडे निघालीच होती. दार उघडलं. मांडवात पंगत अजून बसलेली होती. वडिलांनी तिला पाहिलं आणि हातात अर्धा लाडू धरूनच हात हलवला.

संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. सूत्रसंचालन तिचंच. करंडक त्या नावाजलेल्या शाळेला गेला. दुसऱ्या फेरीतल्या विजयाचे गुण त्यांच्या खात्यात होतेच. उत्कृष्ट वकिलाचं पदकही त्यांच्याच एका मुलाला गेलं, त्या फेरीत हरकत घ्यायला तोंड उघडून मिटलेल्या मुलाला. त्याचं नाव तिने माइकवर खणखणीत आवाजात पुकारलं. एकदाही अडखळली नाही. तो मुलगा भला होता. पदक घेताना तिच्याकडे बघून त्याने मान खाली घातली. टाळ्या वाजल्या. तिचे वडीलही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना फाटकाजवळ गाठलं. वकीलबाई केव्हाच गेल्या होत्या, नाहीतर त्यांनाच पुढे घातलं असतं. मी एका दमात सगळं सांगितलं. घोडीचे डोळे, काका, लगाम, वकीलबाई काय म्हणाल्या ते. ते शांतपणे ऐकत होते.

"तुम्ही म्हणता तर छानच बोलली असेल, मॅडम. तुमच्या सरांनी मला उठूच दिलं नाही. बाफले पण फार जबरदस्त होते." मग म्हणाले, "पण नंबर तर त्या मुलाचा आला ना?"

"तो नियमामुळे. जिंकली तीच. खरंच जिंकली हो."

"नाही, मी मानतो ना. खोटं थोडीच बोलाल तुम्ही." ते हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. "मॅडम, सांवेरची ती केस मी पण जिंकलो आहे. तुम्हाला पता नसेल. जजने माझ्या बाजूनेच फैसला दिला. वकील बोलला, मुबारक हो. पण जमीन अजून त्याच्याकडेच आहे, गहू तोच कापतो. मी तिथून गाडीवर जातो तेव्हा तिकडे बघत पण नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जिंकून पण हातात काही येत नाही ना, ते मी रोज पाहतो. पोरीला नाही पाठवायचं मला त्याच्यात. आज तर माझी अजूनच पक्की खात्री झाली."

मी त्यांना सांगायला गेले होते की तिची जीत खरी होती. तेच ऐकून त्यांनी दार लावून घेतलं.

"पण माइकवर मस्त बोलते," ते हसून म्हणाले. "ते मी ऐकलं. एकदम साफ."

सगळे पाहुणे गेल्यावर शेवटची पंगत बसली. घरच्यांची. दिवसभर राबलेली आमची मुलं आणि आम्ही. बाफले गार होऊन कडक झाले होते, डाळ तळाला लागलेली होती. ती माझ्या शेजारी बसली, कोट मांडीवर घेऊन. सर आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाह बेटा, आज तो तूने घर की इज्जत रख ली." ती उठून त्यांच्या पाया पडली. मी पानाकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांच्याकडे बघितलं असतं तर नोकरी गेली असती माझी.

ते पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मॅडम, पप्पांशी बोललात?"

"बोलले."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय ते असणारच. थोडा वेळ ती बाफल्याचा तुकडा डाळीत बुडवत राहिली.

"ते आत आले असते तर मानले असते," मी म्हटलं.

"नाही मानले असते तरी चाललं असतं, मॅडम," ती म्हणाली. "पण एक वेळा ऐकायला तर पाहिजे होतं."

फाटकावर स्कूटरचा हॉर्न वाजला. तिने हात धुतले, कोटाची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली. "शाळेतच ठेवा. पुढच्या वर्षी आपल्यापैकी कोणाला लागेल." आणि दप्तर उचलून निघून गेली.

ती आता बी. कॉम. करते आहे. दुकानातही बसते, असं ऐकलं.

त्या दिवशी आलेल्या सगळ्या शाळांनी आमच्या सरबराईची इतकी तारीफ केली, की यंदाची स्पर्धाही आमच्याकडेच ठेवली आहे. बडे सर खूश आहेत. या वेळी बाफल्यांबरोबर चुरमाही करायचा म्हणतात. आमचा संघ अर्थातच उतरणार नाही. कोट स्टाफरूमच्या कपाटात आहे.